गेम कळतो, पण बॉडी नाही

मुंबई उपनगरात कुठेही कबड्डीची निवड चाचणी असू दे, कुर्ला, भांडुप नाहीतर कांदिवली, टेबलामागून एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘पोरगं चांगलं आहे, गेम कळतो त्याला, पण बॉडी नाही.’ मग यादीतल्या त्या नावावर काट बसते. पुढच्याच मिनिटाला दुसऱ्या एखाद्याबद्दल कोणीतरी म्हणतं, ‘बॉडी आहे, गेम काय, शिकवू.’ त्याचं नाव राहतं. म्हणजे शरीर एकतर असतं किंवा नसतं, आणि समज मात्र नंतर भरता येते, असं आज आपण धरून चाललो आहोत. जुन्या पिढीचे खेळाडू आणि पंच यांच्याशी बोलाल तर ते नेमकं उलटं सांगतील. ताकद काय, दोन वर्षं जोर-बैठका मारल्या की येते. समज मात्र आईच्या पोटातून आणावी लागते, असं त्यांचं मत. एकाच खेळाबद्दल, एकाच शहरात, दोन पिढ्यांत मत इतकं कसं फिरलं, याचा विचार करायला हवा.

आधी मातीचं सांगतो. हुतुतूचे, म्हणजे आजच्या कबड्डीचे, नियम विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात साताऱ्यात आणि बडोद्यात बांधले गेले. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवींसारख्या माणसांनी या खेळासाठी आयुष्य वेचलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. तो खेळ अनवाणी होता, मातीतला होता. माती पाय धरून ठेवते, त्यामुळे सुसाट आत घुसणाऱ्यापेक्षा पावलं मोजून टाकणारा चढाईपटू तिथे जास्त टिकायचा. अंगठ्याने गडी टिपायचा, हुलकावणी द्यायची, मध्यरेषेशी परत यायचं. पन्नास-पंचावन्न किलोचा पोरगा मातीत राज्य करू शकत असे.

पण त्या काळी समजेला भाव होता तो फक्त मातीमुळे नाही. महत्त्वाचं कारण दुसरं आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. तेव्हा निवड करणाऱ्याने पोराला आधीच पुष्कळ पाहिलेलं असायचं. गिरणगावात आणि पुढे उपनगरांत थंडी सुरू झाली की स्पर्धांची रांग लागायची. एका मंडळाची स्पर्धा संपली की आठवड्यात दुसऱ्याची, आणि बहुतेक तेच संघ, तेच पंच, तेच प्रेक्षक. कंपन्यांचे, बँकांचे, गोदीचे संघ होते; कांदिवलीच्या महिंद्राचा संघ होता. नोकरी मिळणार ती खेळावर, आणि खेळ पाहिला जायचा मोसमभर. त्यामुळे निवड चाचणी हा उपचार उरायचा. संघ अडचणीत असताना हा मुलगा काय करतो, सगळा संघ बाद होऊन लोण बसायच्या बेतात असताना घाबरतो का, उजव्या कोपऱ्याची चूक डाव्याने कशी सांभाळली, हे निवडणाऱ्याच्या डोक्यात साठलेलं असायचं.

समज ओळखायला वेळ लागतो. शरीर दहा मिनिटांत दिसतं. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचा सगळा बदल उलगडतो.

मग मॅट आली. आंतरराष्ट्रीय आणि राष्ट्रीय सामने मॅटवर गेले, पायात बूट आले. मॅटवर पायाला पकड मिळते, वेग वाढतो, झेप लांब जाते आणि अंगावर पडून केलेली पकड सोसवते. चढाईला ३० सेकंदांचं बंधन आलं, तिसरी चढाई गुण मिळवण्याच्या सक्तीची झाली, वेळ काढणाऱ्याची सोय संपली. हरियाणाचे, सेनादलाचे, रेल्वेचे उंच आणि जाड मांड्यांचे खेळाडू पुढे निघून गेले आणि महाराष्ट्र राष्ट्रीय विजेतेपदासाठी वर्षानुवर्षं वाट पाहत बसला. त्या काळात मैदानामैदानावर एक स्पष्टीकरण तयार झालं: त्यांच्याकडे दूध-तूप, आपल्याकडे वडापाव. त्यात तथ्य आहे, पण आळसही आहे. ‘आपला खेळ डोक्याचा’ असं म्हणत व्यायामशाळेकडे पाठ फिरवणारे प्रशिक्षक मीही पाहिले आहेत. समजेचं कौतुक हा ताकदीचं काम टाळण्याचा बहाणाही होऊ शकतो.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि गंमत झाली. २६ जुलैला वरळीत पहिला सामना झाला, यू मुम्बाने जयपूरला ४५-३१ असं हरवलं. टीव्हीसमोर बसलेल्या लाखो लोकांना वाटत होतं की आता धिप्पाडांचा खेळ दिसणार. त्या मोसमात चढाईत सर्वाधिक गुण कोणाचे? यू मुम्बाच्या अनुप कुमारचे. हरियाणाचाच, पण ना अक्राळविक्राळ देह, ना डोळे दिपवणारा वेग. तो चढाईला जायचा ते फिरायला निघाल्यासारखा. पुढच्या वर्षी त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने विजेतेपद मिळवलं.

त्याची बोनसची चढाई मी सावकाश करून पुन्हा पुन्हा पाहिली आहे. बोनस रेषा निदान रेषेच्या मीटरभर मागे. पुढचा पाय तिच्यापलीकडे टेकायचा आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत हवा. म्हणजे ज्या क्षणी गुण मिळतो त्याच क्षणी चढाईपटू एका पायावर, सगळ्यात कच्चा असतो. कोपऱ्यातला माणूस याच क्षणाची वाट पाहतो, घोटा त्याला तिथेच मिळतो. अनुप बघायचा कोपऱ्याच्या पायांकडे. त्याची टाच जमिनीला टेकलेली असेल तर तो निघू शकत नाही, पाय आत टाकायला हरकत नाही. टाच उचललेली असेल आणि खांदा किंचित खाली गेला असेल तर तो निघालाच म्हणून समजा. अशा वेळी अनुप पाय नुसता दाखवून मागे घ्यायचा. कोपरा पुढे येऊन उघडा पडायचा आणि मग अनुपचा परतता हात त्याला लागायचा. यात स्नायूंचा भाग थोडा. पण हे शटल रनमध्ये कसं मोजणार?

लोक याला उपजत म्हणतात. मला ते पटत नाही. अमेरिकेत १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंवर एक प्रयोग केला. खऱ्या डावातला पट काही सेकंद दाखवला तर निष्णात खेळाडू बहुतेक मोहरी जागेवर मांडायचे, नवखे गडबडायचे. पण मोहरी वाटेल तशी विस्कटून मांडली तर निष्णातांचा तो वरचष्मा जवळपास संपायचा. स्मरणशक्ती अचाट नव्हती. हजारो डावांतल्या मांडण्या ओळखीच्या झाल्या होत्या. पुढे ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस अबरनेथी यांनी बॅडमिंटनमध्ये फटका बसण्याआधीच चित्रफीत थांबवून शटल कुठे पडणार ते विचारलं. नवखे रॅकेटवरून अंदाज घेत होते, तरबेज खेळाडू त्याही आधी हाताच्या हालचालीवरून. कोपऱ्याची टाच वाचणं यातलंच. पोटातून आलेलं नव्हे, पाहून पाहून आणि आपटून आपटून साठलेलं.

म्हणून जुन्यांचं ‘समज जन्माची’ हेही चूक आणि आजच्यांचं ‘गेम शिकवू’ हेही तितकंच पोकळ. शिकवता येतो, पण एका शिबिरात नाही.

बुद्धिबळाच्या त्या प्रयोगातून उपनगरातल्या पोरांची एक अडचणही कळते. समज ओळखीच्या मांडणीपुरतीच चालते. इथली पुष्कळ मंडळं अजून मातीत सराव करतात, मॅट रोज मिळत नाही. मातीवर शिकलेल्या पोराची नजर मातीच्या वेगाला बसलेली असते. मॅटवर समोरचा अर्धं पाऊल आधी पोचतो, खूण आधी दिसते, हात उशिरा जातो. चाचणीच्या दिवशी तो बावळट दिसतो. त्याच्याकडे समज नाही असं नव्हे. ती अजून मॅटच्या भाषेत उतरलेली नाही. मोसमभर मॅट मिळाली तर उतरते. पण निवड दुपारीच आटोपलेली असते.

२०१८ मध्ये पारडं पुन्हा शरीराकडे झुकलं. जानेवारीत हैदराबादला मुंबईच्या रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असं हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं, त्याचा आनंद होताच. पण ऑगस्टमध्ये जकार्ता आशियाई स्पर्धेत भारत इराणकडून २७-१८ असा हरला आणि उपांत्य फेरीतच बाहेर पडला. लगेच निष्कर्ष निघाला की इराण्यांसारखी पहिलवानी शरीरं हवीत. वर्षअखेरीस चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई यू मुम्बाकडून बचावफळीच्या फळ्या अंगावर घेऊन मध्यरेषा ओलांडू लागला. ३६.४ लाखांना घेतलेल्या या गड्याने मोसमात चढाईचे २१८ गुण काढले आणि पुढच्या लिलावात त्याच्यासाठी तेलुगू टायटन्सने १.४५ कोटी मोजले. लोकांनी ‘बाहुबली’ म्हटलं. मग उपनगरातल्या गल्लीत सोळा वर्षांची पोरंही प्रोटीनचे डबे हातात घेऊन दिसू लागली.

मला त्या इराणी विजयाचा वेगळा अर्थ वाटतो. इराणचा फझल अत्राचली २०१५ पासून आपल्याच लीगमध्ये खेळत होता. त्याचे सहकारीही मोसमामागून मोसम आपल्या चढाईपटूंच्या समोर उभे राहिले होते. शरीर त्यांच्याकडे होतंच. वाचायला साहित्य आपण पुरवलं. दोन्ही जमलं तेव्हा ते जिंकले.

दुसऱ्या टोकाला प्रदीप नरवाल आहे. डुबकीचा राजा. दोन मध्यरक्षकांचे हात साखळीसाठी जुळतात, त्याच्या आधीच्या क्षणात तो त्या हातांखालून निसटायचा. २०१७ च्या मोसमात ३६९ गुण, कारकिर्दीत १८०१. तो थांबला तेव्हा लीगमध्ये एवढे गुण दुसऱ्या कोणाचेच नव्हते. लिलावात त्याला २०२१ मध्ये १.६५ कोटी मिळाले, २०२४ मध्ये ७० लाख, आणि २०२५ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्याचं नाव पुकारलं तेव्हा एकही फलक वर गेला नाही. वय अठ्ठावीस. त्याने निवृत्ती घेतली. त्याची समज आटली, असं कोणी म्हणू शकेल का? हात जुळणार हे त्याला अजूनही कळत असणार. पण वाकून पुन्हा उसळायचा झपाटा ओसरला होता, आणि दहा मोसमांत बचावपटूही डुबकी वाचायला शिकले होते. शरीर गेलं की समजेला बाहेर पडायला दार राहत नाही. तंत्राच्या भक्तांनी हे गिळायला हवं.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये या वादावर कोट्यवधी डॉलर लागलेले असतात. तिथे महाविद्यालयीन खेळाडूंना एकत्र आणून ४० यार्ड धावायला लावतात, उड्या मोजतात, मग ड्राफ्टमध्ये संघ त्यांना क्रमाने निवडतात. २००० मध्ये, पुढे दिग्गज ठरलेला टॉम ब्रॅडी इतका हळू धावला की १९९व्या क्रमांकावर निवडला गेला. कर्ट वॉर्नरला तर कोणीच निवडलं नव्हतं, तो काही काळ किराणा दुकानात माल लावायचा. जानेवारी २००० मध्ये त्याने सुपर बोल जिंकला. पण ही नावं सांगताना सांभाळायला हवं. प्रत्येक नाकारलेला मुलगा वॉर्नर नसतो, आणि बहुतेक नाकारलेले रास्त कारणानेच नाकारलेले असतात. प्रश्न उरतो तो मधल्या मोजक्यांचा, ज्यांना पाहायला कोणी थांबलंच नाही.

आपल्याकडे हे मोजके लिलावापर्यंतही पोचत नाहीत. लिलावातल्या सगळ्यात खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख असते, आणि त्या यादीत नाव यायला आधी कुठेतरी जिल्ह्याचा, राज्याचा शिक्का लागतो. तो शिक्का जिथे मिळतो ती एका दुपारची चाचणीच या पोरांचा खरा लिलाव. विशेष नुकसान होतं ते कोपरा खेळणाऱ्यांचं. चढाईपटू एकटा चमकू शकतो. कोपऱ्याची अक्कल जोडीदाराशिवाय दिसतच नाही. घाटकोपरच्या पोराला अनोळखी मध्यरक्षकाशेजारी उभं केलं की तो साखळीला अर्धा क्षण उशिरा पोचतो आणि ‘स्लो आहे’ असा शेरा मिळतो.

म्हणून निवड समित्यांवर बसणाऱ्यांना एक विनंती. वजन घ्या, धाव घ्या, शटल रन घ्या. ते टाळून मॅटवर कोणी टिकणार नाही, हे पोरांनाही एकदा स्वच्छ सांगा. पण त्यानंतर प्रत्येकाला दोन पूर्ण सामने खेळवा, त्यातला एक वेगळ्या दिवशी. कोपऱ्याच्या पोराला त्याच्या मंडळाचा जोडीदार द्या. तीन गडी उरलेले असताना, तिसऱ्या सक्तीच्या चढाईला त्याला उभं करा आणि त्याच्या पायांकडे बघा. त्याच्या मंडळाच्या प्रशिक्षकाला बोलावून विचारा. एवढं करूनही नाव खोडावंसं वाटलं तर खुशाल खोडा, पण शेजारी कारण लिहा आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा बोलवा. कुमार गटाची वयोमर्यादा २० आहे. सतराव्या वर्षी ‘बॉडी नाही’ म्हणून परत पाठवलेल्या पोराच्या हाताशी अजून तीन मोसम असतात.