एका श्वासात दोन

तळहात उघडा ठेवा. त्यावर झिरकॉनचा एक खडा आहे असं समजा. मोहरीच्या दाण्याएवढा, हिरवट. श्रीलंकेत रत्नपुऱ्याच्या आसपास जमिनीखाली वाळू-गोट्यांचे थर आहेत, त्यांतून तो निघाला. दागिन्यांच्या दुकानात 'झिरकॉन' म्हणून दाखवतात तो बहुधा भट्टीत तयार केलेला असतो, हा मातीतला. वय सुमारे ५७ कोटी वर्षं. हा आकडा लगेच कवेत घ्यायला जाऊ नका. नुसता असू द्या.

श्वास घ्या, सावकाश. सोडा.

खडा घडत होता तेव्हा स्फटिकातल्या झिर्कोनियमच्या अणूंच्या काही जागांवर युरेनियमचे अणू येऊन बसले. त्याच्या वजनात हजारात एक भाग युरेनियम आहे असं धरलं, तर या दाण्यातून आजही दर दोन सेकंदांना साधारण एक अल्फा कण, म्हणजे फुटणाऱ्या अणूच्या गाभ्यातून उडालेला लहान तुकडा, सुटतो. म्हणजे तुमच्या एका संथ श्वासात दोन. खडा हातावर निपचित पडलेला दिसतो. आत्ता एक सुटला. आता आणखी एक.

अल्फा कण केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी वाट कापतो आणि विसावतो. वाटेत तो फारसं काही बिघडवत नाही. पण बंदूक झाडली की खांद्याला हिसका बसतो, तसा मागे उरलेला जड अणू उलट्या दिशेला ढकलला जातो. मिलिमीटरचे दोन-तीन लाखांश, एवढाच सरकतो. तेवढ्यात शेकडो अणू आपापल्या जागेवरून उखडतात. इथे मी दरवेळी थबकतो. जो निघून गेला त्याने नव्हे, जो घरातच राहिला त्याच्या धक्क्याने घर मोडतं.

अशी मोड साचत गेली की स्फटिकाची आतली रचना काचेसारखी विस्कटते. खडा फुगतो, आकाराच्या मानाने हलका होतो. बाहेरचे पैलू मात्र बरेचदा तसेच उभे राहतात. नजरेला काही कळत नाही.

म्हणून प्रकाशाला विचारायचं. लेझरचा एक बारीक किरण खड्यावर सोडा. बराचसा उजेड होता त्याच रंगाचा परततो. अगदी थोडा मात्र रंग बदलून येतो, कारण आतल्या अणूंच्या कंपनाला त्याने काही ऊर्जा दिलेली असते. १९२८ मध्ये कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांना हे दिसलं. त्याआधी त्यांनी तंबोऱ्याच्या तारांचाही अभ्यास केला होता, हे मला फार जवळचं वाटतं.

आता ऐका. झिरकॉनमध्ये प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात. रचना शाबूत असेल तर असे सगळे गट एकाच सुरात कंप पावतात. रंग बदलून आलेल्या उजेडाच्या वर्णपटात १००८ या तरंगांकाजवळ (रंग किती सरकला ते हा आकडा सांगतो) एक रेघ उमटते, जेमतेम दोन एकक रुंद. मोड वाढली की प्रत्येक गटाचं शेजारपाजार वेगळं होतं, प्रत्येकाचा सूर किंचित निराळा लागतो. रेघ पसरते, तीसहून अधिक एकक रुंद होते, आणि खाली, हजाराच्याही आत उतरते. त्या रुंदीवरून मोडतोड किती झाली ते मोजता येतं. खडा फोडावा लागत नाही.

रेघेपाशी थोडं थांबा.

युरेनियम किती आणि वय किती हे ठाऊक असलं की मोड किती असायला हवी याचा हिशेब मांडता येतो. रत्नपुऱ्याचे खडे त्या हिशेबापेक्षा बरेच कमी मोडलेले निघतात. कारण वाळू-गोट्यांत येण्याआधी बराच काळ ते जमिनीच्या पोटातल्या खडकात ऊबेत होते, आणि पुरेशी ऊब असली की उखडलेले अणू हळूहळू पुन्हा जागेवर सरकतात. मोडत होतं, सांधतही होतं. पुढे भोवतालचा खडक वर आला, गार झाला, तिथून सांधणं थांबलं. रेघेच्या रुंदीत मुख्यतः त्या गारव्यानंतरचा काळ साठला आहे.

पुन्हा तळहाताकडे पाहा. इथवर सावकाश वाचत आला असाल तर तीन-चार मिनिटं झाली असतील. तेवढ्यात या दाण्यात शंभरच्या आसपास कण सुटले.

श्वास घ्या. एक. आणखी एक.