बांधावरून कोठडीपर्यंत

तालुक्याच्या गावात चोऱ्यामाऱ्या वाढल्या, की पहिलं बोट बाहेरून आलेल्यांकडे वळतं. वीटभट्टीवरचे मजूर, माळावर पाल टाकून राहिलेलं कुटुंब, भाड्याच्या खोलीतली परप्रांतीय मुलं. इंग्रजांनी १८७१ साली अख्ख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो गेला. पण काही घडलं की आधी पारध्याच्या पालावर जायचं, ही सवय अजून गेलेली नाही, आणि ती लाजिरवाणी आहे.

गावातल्या मारामाऱ्या आणि खून कुठून येतात, हे पाहायचं तर तालुका न्यायालयाच्या व्हरांड्यात एक सकाळ उभं राहावं. तारखेला आलेले दोन्हीकडचे लोक पुष्कळदा एकाच आडनावाचे असतात. कुणी बांध कोरला, कुणी वहिवाटीचा रस्ता नांगरला, कुणी सामाईक विहिरीवरची मोटार बंद केली. मोजणी रखडते, दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो, तोवर दोन घरांतला अबोला मुलांच्या अंगात उतरतो. मग पेरणीच्या तोंडावर कुणीतरी औत अडवतं, हातात कुऱ्हाड असते, आणि दीड हाताच्या पट्टीपायी एक भाऊ सरणावर जातो, दुसरा कोठडीत. दारू, रिकामे हात, शेजारून महामार्ग गेल्यावर गुंठ्याला आलेला भाव, हे सगळं त्या आगीत तेल ओततं. आग मात्र जुनी असते.

आर. आर. पाटील यांनी हे ओळखलं होतं. गृहमंत्री असताना २००७ च्या स्वातंत्र्यदिनी त्यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. किरकोळ तंटा गावातच मिटला तर त्यातून मोठा गुन्हा होणार नाही, हा तिचा साधा हिशेब होता. पुढे कितीतरी ठिकाणी समित्या नावापुरत्या उरल्या, तरी तो हिशेब मला आजही बरोबर वाटतो.

पण मिटवामिटवीला मर्यादा हवी. नवऱ्यानं बायकोला मारलं, दलित वस्तीवर हात उगारला, लहान मुलीची छेड काढली, हे तंटे नव्हेत, गुन्हे आहेत. ते चावडीवर मिटले की ठाण्यातला आकडा खाली येतो आणि गाव शांत दिसतं. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली तर तो नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली बजावलं आहे. ज्या गावातली बाई एकटी ठाण्यात जाऊन फिर्याद देऊ शकते, तिथला आकडा वाढला तरी मी त्या गावाला अधिक सुरक्षित म्हणेन.

जमिनीच्या भांडणाला मात्र वाटा आहेत. अडवलेला रस्ता मोकळा करून देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यानं तहसीलदाराला दिलेला आहे. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात बारा वर्षं असेल, तर हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी शुल्कात अदलाबदल करून देणारी सलोखा योजना राज्यानं २०२३ साली आणली. तुमच्याही घरचा एखादा बांध असाच अडकून पडला असेल, तर यंदा पेरणीआधी मोजणीचा अर्ज द्या, आणि तो देण्याआधी भावाच्या घरी जाऊन त्याला तसं सांगा.