आरशामागचा शब्द

आरसा ही घरातील सर्वांत प्रामाणिक वस्तू समजली जाते. तो स्वतःचे काही घालत नाही, काही लपवीत नाही, समोर जे आहे तेच परत देतो. म्हणूनच एखाद्याला त्याचे दोष दाखवायचे झाल्यास ‘जरा आरशात तोंड पाहा’ असे आपण म्हणतो. परंतु माणूस आरशासमोर उभा राहतो तेव्हा त्याला खरोखर सत्यच हवे असते काय? की समाधान हवे असते? हा प्रश्न मला गेल्या वर्षी पडला, आणि तो पडण्यास घरीच तयार केलेला एक आरसा कारणीभूत झाला.

आम्ही उभयता इंदूरला राहतो. मुले नोकरीनिमित्त दूर असल्यामुळे अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारा माझा भाचा सुट्टीत आमच्याकडे येऊन राहतो. या खेपेस तो एक जुना मॉनिटर घेऊन आला आणि म्हणाला, “मामा, आपण स्मार्ट आरसा बनवू या. आरशातच घड्याळ दिसेल, हवामान दिसेल, बातम्या दिसतील.” मी निवृत्त शिक्षक. नव्या गोष्टीचे कुतूहल अजून सुटलेले नाही. मी होकार दिला.

या खटाटोपाचा उगम मोठा रंजक आहे. मायकेल टेऊ नावाच्या एका डच संगणकतज्ज्ञाला न्यूयॉर्कमधील एका मोठ्या दुकानात असा आरसा दिसला, ज्याच्या आतून प्रकाशित अक्षरे जणू तरंगत होती. घरी परतल्यावर त्याने तसाच आरसा स्वतःच्या हातांनी तयार केला, आणि 2014 साली आपली सर्व रीत जगासाठी खुली केली. ‘मॅजिकमिरर’ या नावाची त्याची संगणकप्रणाली कोणालाही विनामूल्य घेता येते, हवी तशी बदलता येते. पुढे अनेक देशांतील हौशी मंडळींनी तिच्यात भर घातली. पाय पसरून बसलेल्या मोठ्या संगणकाची तिला गरज नाही. 2012 साली इंग्लंडमध्ये विक्रीस आलेला ‘रास्पबेरी पाय’ नावाचा, बँकेच्या कार्डाएवढ्या पृष्ठावर मावणारा छोटा संगणक तिला पुरतो.

आठ-दहा दिवस आमच्या बैठकीच्या खोलीला सुतारखान्याचे रूप आले होते. मॉनिटरची वीज आदल्या दिवसापासून तोडून ठेवली व मग त्याचे प्लास्टिकचे कवच उतरविले. गल्लीतल्या सुताराकडून सागवानी चौकट करून घेतली. यंत्राची उष्णता बाहेर पडावी म्हणून चौकटीला वर व खाली छिद्रे पाडली. पुढच्या बाजूस अर्धपारदर्शक आरशाची काच बसविली, तिच्या पाठीशी मॉनिटर उभा केला, मॉनिटरच्या कडेने उरलेल्या जागेत काळा कागद चिकटविला, आणि छोटा संगणक मागे पट्टीने बांधून टाकला. आमची सौभाग्यवती येता-जाता म्हणे, “एवढ्या खर्चात चांगले दोन आरसे आले असते!” तिचे म्हणणे हिशेबाला धरूनच होते.

या काचेचा गुणधर्म समजून घेण्यासारखा आहे. तिच्यावर धातूचा इतका विरळ थर असतो की, पडलेल्या प्रकाशापैकी बराचसा भाग परतविला जातो व उरलेल्यातील काही पलीकडे जातो. ती दोन्ही बाजूंना सारखीच वागते, पक्षपात करीत नाही. फरक असतो तो उजेडात. ज्या बाजूला उजेड अधिक, त्या बाजूच्या माणसाला आपलेच प्रतिबिंब दिसते. ज्या बाजूला अंधार, तेथून पलीकडचे सारे दिसते. चौकशीच्या खोलीत संशयिताला आरसा दिसतो व त्यामागच्या अंधाऱ्या खोलीतील अधिकाऱ्याला संशयित दिसतो, ते याच तत्त्वावर. आमच्या आरशात मॉनिटरचा पडदा पूर्ण काळा ठेवायचा व त्यावर केवळ पांढरी अक्षरे उमटवायची. जेथे काळे आहे तेथे आपला चेहरा दिसतो. जेथे अक्षर आहे तेथे चेहऱ्याला भेदून अक्षर पुढे येते. म्हणजे आरशामागून जितका अधिक प्रकाश पाडावा, तितके आपण स्वतःला कमी दिसतो. ही गोष्ट तेव्हा मला निव्वळ पदार्थविज्ञानाची वाटली होती.

मॅजिकमिररमध्ये काही भाग आरंभापासून जोडलेलेच येतात. वर डाव्या कोपऱ्यात घड्याळ व त्याखाली येऊ घातलेल्या दिवसांची दिनदर्शिका, उजवीकडे हवामान, तळाशी बातम्यांची ओळ. आणि याखेरीज, खालच्या बाजूस मध्यभागी, मोठ्या अक्षरांत एक स्तुतीचे वाक्य. सकाळी, दुपारी व सायंकाळी निरनिराळी वाक्ये येतात व दर अर्ध्या मिनिटाने ती बदलतात. तुम्ही सुंदर दिसता, आज तुम्ही छान दिसता, असा साधारण त्यांचा आशय. मूळची इंग्रजी वाक्ये जरा चावट होती. ती वाचून आमची सौभाग्यवती पदराआड हसली आणि मी संकोचलो. तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, ही यादी बदलता येते. तुमचं मराठी चांगलं आहे, तुम्हीच दहा वाक्यं लिहून द्या.”

मी मोठ्या उत्साहाने लिहून दिली. ‘आपला दिवस मंगल होवो’, ‘आपल्या मुखावर शांती आहे’ अशी ती वाक्ये होती. त्यांतले एक होते, ‘आपण मनाने मोठे आहात.’ आरसा भिंतीवर चढला. शेजारीपाजारी पाहून गेले. रोज सकाळी दाढी करताना माझीच वाक्ये माझ्या छातीवर उमटत व मला बरे वाटे. ती मीच लिहिली आहेत, हे चार दिवसांत मी विसरूनही गेलो.

एके सकाळी आरशासमोर उभा असता दिनदर्शिकेत एक नवी ओळ दिसली. भाच्याने हौसेने सर्व कुटुंबीयांचे वाढदिवस तिच्यात भरले होते, त्यांपैकी ती एक होती: ‘मोठे मामा, वाढदिवस, आज.’ मोठे मामा म्हणजे माझे थोरले बंधू. वडिलांच्या पश्चात घराच्या वाटणीवरून आमचा बोलाचालीचा संबंध तुटला, त्याला सहा वर्षे झाली होती. दोष कोणाचा किती, हे येथे सांगत नाही. सांगू लागलो तर पुन्हा मी माझीच बाजू मांडीन. मी ती ओळ वाचीत असतानाच खालचे वाक्य बदलले आणि माझ्या प्रतिबिंबावर मोठ्या अक्षरांत उमटले, ‘आपण मनाने मोठे आहात.’

वाचकहो, माझा हात दाढी करता करता थांबला. एकाच काचेवर दोन वाक्ये होती. एक दुसऱ्याने लिहिलेले, कोरडे, केवळ माहिती देणारे; आणि ते खरे होते. दुसरे माझ्याच हातचे, गोड; आणि त्या क्षणी ते खोटे होते. त्या दोहोंच्या मध्ये माझा अर्धा साबण लावलेला चेहरा होता.

तेव्हापासून मी या स्तुतीचा विचार करीत आलो आहे. स्तुतीत वाईट काय, असे कोणी म्हणेल, व त्यात तथ्य आहे. परगावी एकट्याने राहणाऱ्या विद्यार्थ्याला सकाळी कोणी ‘छान दिसतोस’ म्हटले, मग ते म्हणणारे यंत्र का असेना, तर त्याचा दिवस बरा जाईल. ज्याने ही योजना प्रथम केली त्यानेही ती थट्टेने, प्रेमानेच केली असावी. माणसाला उत्तेजनाची गरज असते, आणि आपल्या घरांतून ते फार कमी मिळते हेही खरे. आपण मुलांचे दोष मोजतो आणि गुण गृहीत धरतो.

परंतु उत्तेजन आणि खुशामत यांत एक भेद आहे. उत्तेजन देणारा समोरच्याला पाहतो. त्याचे श्रम, त्याचे पडणे व उठणे त्याला ठाऊक असते, म्हणून त्याच्या शब्दाला वजन येते. माझ्या आरशाला डोळे नव्हते. मी रात्री तहानेने उठलो असता अंधारात पाहिले, तर रिकाम्या खोलीपुढे त्याचे स्तुतिपाठ चालूच होते. समोर कोणी नसतानाही दर अर्ध्या मिनिटाने तो कोणाला तरी थोर ठरवीत होता. काही हौशी लोक आरशाला कॅमेरा जोडतात व चेहरा ओळखून नावानिशी संबोधण्याची सोय करतात. परंतु त्यामुळे तरी काय साधते? माणूस ओळखला जातो, जाणला जात नाही. त्याच्याविषयी काय म्हणायचे ते पुन्हा त्याने स्वतःच लिहून ठेवलेले असते.

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे असे मला वाटते. स्वतःविषयीचे मत आपण स्वतः लिहावे, ते एखाद्या निर्जीव वस्तूच्या मुखी घालावे, आणि मग ती वस्तू बोलली म्हणून त्यावर विश्वास ठेवावा, हा प्रकार आरसा घरी बनविणाऱ्यांपुरताच मर्यादित नाही. आपल्याला मान देतील तेवढ्याच मित्रांत बसणे, आपल्या मताची तेवढीच वर्तमानपत्रे वाचणे, मंडळीच्या सभेत आपल्याला अनुकूल तेवढ्यांचाच सल्ला घेणे, हे सर्व त्याच जातीचे आरसे होत. चौकट वेगळी, काच तीच. मागून आपलाच प्रकाश इतका पाडायचा की चेहरा दिसेनासा व्हावा.

दावीद राजाच्या चरित्रात याच्या उलट प्रसंग आहे. उरीयाचा घात करून राजा निर्धास्त होता. राजवाड्यात त्याची स्तुती करणाऱ्यांची वाण नसावी. नाथान संदेष्ट्याने त्याला सरळ दोष दिला नाही. एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून नेल्याची गोष्ट सांगितली. राजा संतापला, त्या श्रीमंताला मरणदंडास पात्र ठरवून मोकळा झाला, आणि तेव्हा नाथानाने त्याला सांगितले की, तो माणूस म्हणजे स्वतः राजाच. त्या गोष्टीत दावीद प्रथम स्वतःला ओळखू शकला नाही. त्याला स्वतःचे खरे रूप दिसण्यासाठी दुसऱ्या माणसाची, तीही निर्भय माणसाची, गरज लागली. आपल्याविषयीचे सत्य बहुधा बाहेरूनच येते, आणि आणणाऱ्याचा हात आपला नसतो.

माझ्या वडिलांचा दाढीचा आरसा अजून माझ्याजवळ आहे. वीतभर लांब, पत्र्याच्या चौकटीचा, कडेने पारा उडालेला. 1835 साली युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा थर चढविण्याची रीत काढली, आणि त्यानंतर स्वच्छ आरसा हळूहळू सामान्यांच्या घरी आला. प्राचीन काळी लोक घासून लखलखीत केलेल्या धातूत तोंड पाहत. करिंथ नगर तर धातूकामासाठी प्रसिद्धच होते. तेथील मंडळीला लिहिताना पौलाने आरशातल्या अंधूक दर्शनाचा दाखला दिला, तो त्यांना चटकन उमगला असेल. आपल्याला तसा अंधूक आरसा पाहावा लागत नाही. आपली काच निर्मळ आहे. अंधूक होते ते पाहणे.

त्या दिवशी मी बंधूंना फोन केला. वहिनींनी उचलला. माझा आवाज ओळखून त्या क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, “भाऊजी, थांबा हं, यांना देते.” दादा आले. मी शुभेच्छा दिल्या. “बरा आहेस ना?” एवढेच त्यांनी विचारले. पुढे दोघांनाही बोलता येईना. वाटणीचा प्रश्न सुटलेला नाही, आणि एका फोनने तो सुटला असता तर सहा वर्षे तो राहिलाच नसता. परंतु आता महिन्यातून एकदा तरी आम्ही एकमेकांचा आवाज ऐकतो.

भाच्याला मी ती दहा वाक्ये काढून टाकण्यास सांगितले. तो म्हणाला, “मामा, मग खालची जागा रिकामीच राहील.” मी म्हटले, “तुझ्या मामीला विचार. आता ती लिहील.” सौभाग्यवतीने बराच विचार करून एकच वाक्य दिले: ‘दादांना फोन केला का?’ तेच आता दर अर्ध्या मिनिटाने माझ्या प्रतिबिंबावर उमटते. काही दिवशी ते वाचून मी सुखाने मान हलवितो, काही दिवशी नजर चुकवितो.

याकोबाने आपल्या पत्रात आरशात तोंड पाहून निघून जाणाऱ्या व आपण कसे होतो हे लागलीच विसरणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले आहे. त्या माणसाचा दोष पाहण्यात नव्हता, निघून जाण्यात होता. याच्या जोडीला निर्गमाच्या 38 व्या अध्यायातील एक लहानसा उल्लेख मला अलीकडे वारंवार आठवतो. दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांच्या पितळेपासून तेथील गंगाळ घडविले गेले. ज्या धातूत त्या स्त्रिया आपले मुख पाहत, त्याच धातूचे धुण्याचे पात्र झाले. आरसा डाग दाखवितो, तो काढू शकत नाही. डाग दिसल्यावर पाण्यापर्यंतची चार पावले आपल्यालाच चालावी लागतात.