घड्याळ कोणाच्या हातात?

आजचं चिंतन : कठोपनिषदातला रथ



जठारपेठेतला आमचा एक मित्र शनिवार-रविवारी घरी सापडतच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतींना सशर्त परवानगी दिली, तेव्हापासून तो शंकरपटात वेळ मोजायला जातो. कधी तळेगाव दशासर, कधी आणखी कुठं. परवा म्हणाला, "दादा, रविवारची उपासना चुकते. मन खातं."

मग त्यानंच सांगितलं. एका पटात एका जोडीवाल्यानं हळूच पैसे पुढं केले, "घड्याळ जरा उशिरा दाब." पटाचा निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो. घरी गाडीचा हप्ता थकलेला. तरी यानं हात जोडले. पुढच्या पटाचं बोलावणं आलं नाही.

कठोपनिषद सांगतं : शरीर रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी. देवघरात सारथी जागा ठेवणं सोपं असतं हो. धुळीत, समोर नोटा असताना कठीण.

मी म्हटलं, "अरे, त्या रविवारी खरी उपासना तुझी झाली. आम्ही नुसता पाठ म्हटला."

आज एवढंच बघू : आपल्या कामात कोणतं घड्याळ आपल्या हातात आहे?

राम कृष्ण हरी 🙏