आत्मस्तुती आणि आत्मनिवेदन

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असलेल्या जांब या गावी १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगताना आत्मस्तुतीचा, म्हणजे स्वतःच स्वतःचे गुण गाण्याचा, समावेश केला आहे. महाभारताच्या कर्णपर्वातही श्रीकृष्ण आत्मस्तुतीला आत्महत्येसमान लेखतो. मग जालन्यातील पोलाद कारखान्यांत किंवा बियाणे कंपन्यांत नोकरीसाठी चुरस असताना बायोडेटा उठावदार करणे दोषास्पद ठरते काय?

याचे उत्तर स्तुती आणि निवेदन यांच्या भेदात आहे. स्तुतीला प्रमाणाची, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या साधनाची, गरज भासत नाही. निवेदन मात्र पडताळून पाहता येते. ‘कष्टाळू’, ‘कार्यक्षम’ ही विशेषणे कोणालाही चिकटवता येतात, परंतु बियाण्यांच्या उगवणक्षमतेच्या चाचण्या किती काळ घेतल्या आणि त्यांच्या नोंदी कशा ठेवल्या, हे लिहिणारा उमेदवार स्वतःचे गुणगान करत नसून केलेल्या कामाची साक्ष देत असतो. ती साक्ष संकोचापोटी दडवणे हा विनय नव्हे, कारण त्यामुळेही सत्य अपुरेच राहते.

मांडणीचेही तसेच आहे. दासबोधाच्याच एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी लेखनक्रियेचे निरूपण करताना समर्थ अक्षर वाटोळे व मोकळे असावे, पानाच्या भोवती जागा सोडावी, असे सांगतात. तेव्हा नेटकी मांडणी हा गर्व नसून वाचणाऱ्याचा आदर ठरतो. न केलेल्या कामाची एक ओळ मात्र आत्मस्तुतीहूनही मोठा दोष होय, कारण ती दुसऱ्या पात्र उमेदवाराचा हक्क हिरावू शकते.