आणलेला उजेड

व्यक्तिचित्रासाठी स्टुडिओबाहेर नेला जाणारा फ्लॅश म्हणजे पिशवीत सहज मावणारा एक दिवा. चार पेन्सिल सेलवर किंवा छोट्या बॅटरीवर तो चालतो. कॅमेऱ्यापासून दूर स्टँडवर लावला की ट्रिगरच्या रेडिओसंकेताने नेमक्या क्षणी पेटतो. साधन लहान आहे, पण त्याने उभा केलेला प्रश्न लहान नाही. छायाचित्रकार माणसाला त्याच्या घरी, रानात, कामाच्या जागी गाठतो, कारण तो माणूस तिथे जसा असतो तसा त्याला हवा असतो. मग तिथे नसलेला उजेड सोबत नेला, तर त्या उजेडात दिसलेला चेहरा त्या माणसाचा आणि त्या जागेचा म्हणता येईल का? दिवा असलेली वस्तू दाखवतो की नसलेली घडवतो, असा हा प्रश्न आहे. कॅमेरा येण्याच्या कितीतरी शतके आधी भारतीय दर्शनांनी तो दिव्याच्याच दृष्टांताने चर्चिला आहे.

फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा का करायचा, हे आधी पाहावे लागते. कॅमेऱ्याच्या माथ्यावरचा फ्लॅश बघणाऱ्याच्या डोळ्याच्या जागेवरूनच उजेड फेकतो. सावल्या माणसाच्या पाठीमागे दडतात, नाकाची उंची, गालाचा खळगा, कपाळावरच्या आठ्या सपाट होतात आणि चेहऱ्याला ओळखपत्रावरच्या फोटोची कळा येते. जगातला उजेड असा बघणाऱ्याच्या कपाळातून निघत नाही. तो आभाळातून, खिडकीतून, अर्धवट उघड्या दारातून, बहुधा वरून आणि कडेने येतो. फ्लॅश बाजूला नेऊन थोडा उंच धरला आणि पांढऱ्या छत्रीतून किंवा सॉफ्टबॉक्समधून पसरवला, की चेहऱ्याला पुन्हा घडण येते. म्हणजे वेगळ्या केलेल्या फ्लॅशचे कसब जगाच्या उजेडाचे अनुकरण करण्यात आहे. शंकाही तिथूनच सुरू होते. माथ्यावरचा फ्लॅश आपण तिथे असल्याचे उघड सांगतो, तर बाजूचा फ्लॅश जणू तिथे खिडकी होती असे सुचवतो.

या चित्रात दोन उजेड असतात आणि त्यांचे काळही दोन असतात. शटर १/६० सेकंद उघडे असेल, तर जागेचा उजेड तेवढा सगळा वेळ झिरपत राहतो. फ्लॅशचा झोत मात्र पूर्ण शक्तीवर साधारण १/२५० ते १/१००० सेकंदात आणि शक्ती अगदी कमी केली तर त्याच्याही कितीतरी लहान अंशात येऊन संपतो. म्हणून शटरचा वेग बदलला तर जागेचा उजेड कमीजास्त होतो, फ्लॅशचा होत नाही. भिंगाचे छिद्र लहान केले तर दोन्ही कमी होतात. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंतच शटर आणि फ्लॅशचा साधा मेळ बसतो. एवढे गणित हाती असले, की छायाचित्रकार भर दुपारची सावलीतली जागा काळीभोर करू शकतो किंवा संध्याकाळचे आभाळ राखून त्याखाली चेहरा उजळू शकतो. वायू भरलेल्या नळीतून विजेचा क्षणिक झोत सोडण्याचे तंत्र हॅरोल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत विकसित केले. आजचा खिशातला फ्लॅश त्याच वंशातला आहे.

या क्षणिकतेतून एक गोष्ट निघते, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. ज्या उजेडात चित्र घडले, त्या उजेडात तो चेहरा कोणीच पाहिलेला नसतो. आरशाच्या कॅमेऱ्यात फोटो निघताना आरसा वर जातो आणि व्ह्यूफाइंडर अंधारतो. बिनआरशाच्या कॅमेऱ्यातही पडद्यावर दिसतो तो झोताच्या आधीचा किंवा नंतरचा चेहरा. शेजारी उभ्या असलेल्यांना लखकन काही चमकल्याचे कळते, पण गालावर सावली कुठे पडली हे कळत नाही. खिडकीच्या उजेडात काढलेल्या चित्राबद्दल छायाचित्रकार ‘मला असेच दिसले होते’ एवढे तरी म्हणू शकतो. फ्लॅशच्या चित्राबद्दल ते म्हणता येत नाही. न्यायदर्शनाच्या भाषेत, पहिल्याचे ज्ञान प्रत्यक्षातून येते आणि दुसऱ्याचे अनुमानातून. धूर पाहून अग्नी जाणावा, तसा स्टँडचा कोन, छत्रीचे अंतर आणि मागचा अनुभव यांवरून छायाचित्रकार उजेड जाणतो आणि मग पडद्यावर पडताळून पाहतो. अनुमान हेही प्रमाणच आहे, त्यामुळे एवढ्यावरून फ्लॅशचे चित्र खोटे ठरत नाही. मात्र त्याचा खरेपणा साक्षीवर उभा नाही, एवढे मान्य करावे लागते.

फ्लॅशला ठाम नकार देणारेही थोर होऊन गेले. आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९५२ च्या आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत, जागेवर जो उजेड आहे त्याचा मान राखायचा म्हणून फ्लॅश वापरू नये, अशी भूमिका मांडली. तिच्यात नैतिक तेज आहे, आणि रस्त्यावर अनोळखी माणसांना टिपणाऱ्याने ती गंभीरपणे घ्यावी अशीच आहे. पण तिच्यामागे एक गृहीत आहे: जागेचा उजेड म्हणजे जागेचे सत्य. ते तपासले की डळमळते. माणसाचा डोळा खिडकीबाहेरचे ऊन आणि खिडकीशी पाठमोऱ्या बसलेल्या बाईचा चेहरा दोन्ही पाहू शकतो, कारण तो फिरत राहतो, जुळवून घेत राहतो. कॅमेऱ्याला एकाच मापात दोन्ही पेलत नाहीत. तो ऊन राखतो तेव्हा चेहरा काळा पडतो. अशा वेळी हलकासा फ्लॅश भरला, तर चित्र डोळ्याने पाहिलेल्याच्या जवळ येते, दूर जात नाही. माध्यान्हीचा सूर्य तर डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबणी ठेवतो. तो उजेड नैसर्गिक असतो, तरी चेहरा त्याने हरवतो.

उलट बाजूचे उदाहरण रिचर्ड अ‍ॅव्हेडॉन यांचे आहे. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागात फिरून खाणकामगार, भटके, खाटीकखान्यात राबणारे यांची व्यक्तिचित्रे काढली. उजेड दिवसाचाच होता, सावलीतला. पण प्रत्येकाच्या मागे पांढरा कागद लावलेला होता, त्यामुळे जागा चित्रातून पुसली गेली. फ्लॅश नव्हता, म्हणून स्थळ उतरले असे झाले नाही. निर्णायक भेद नैसर्गिक आणि कृत्रिम यांच्यात नाहीच. तो दुसरीकडे शोधावा लागतो.

संस्कृत शास्त्रपरंपरेत कारक आणि व्यंजक असा एक भेद केला जातो. कुंभार घडा करतो, तो कारक. दिवा अंधारात असलेला घडा दाखवतो, तो व्यंजक. घडा दिव्याच्या आधीही होता, दिव्याने त्यात काही घातले नाही. फ्लॅशची कसोटी या भेदावर लावता येते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चालते. हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी पत्र्याला बळकटी आणि चकाकी येते. अशा एखाद्या कारखान्यात उजेड दारातूनच येत असेल, आत धूर-काजळीने भिंती काळवंडल्या असतील, आणि कारागीर दाराकडे तोंड करून बसला असेल. फ्लॅश त्याच्या चेहऱ्यापासून १ मीटरवर, दाराच्याच बाजूला ठेवला. मागची भिंत फ्लॅशपासून ३ मीटरवर आहे, तर अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उजेड विरळ होत असल्याने तिला चेहऱ्याच्या एक-नवमांशच उजेड मिळेल. शटर १/२५० वर ठेवले, तर दाराचा उजेडही गळून पडेल आणि चित्रात काळ्या पोकळीतून वर आलेला एक नाट्यमय चेहरा उरेल. तेच शटर १/३० वर आणले, तर जागेचा उजेड सुमारे आठपट वाढेल. मागची रचलेली भांडी, टांगलेल्या हातोड्या, पत्र्यावरची दाराची चकाकी परत येईल आणि चेहऱ्यावरचा फ्लॅश तेवढाच राहील. पहिल्या चित्रात फ्लॅश कारक झाला, कारण तिथे नसलेली रात्र त्याने घडवली. दुसऱ्यात तो व्यंजक राहिला, कारण दार जे सांगत होते तेच त्याने थोडे स्पष्ट करून सांगितले.

तरीही एक गोष्ट दुसऱ्या चित्रातही सुटते. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या सातव्या प्रकरणात दिव्यावर घेतलेला आक्षेप इथे थेट लागू पडतो. दिवा आहे तिथे अंधार नाही आणि अंधार आहे तिथे दिवा पोचलेला नाही. दोघांची भेटच होत नसेल, तर दिवा अंधार घालवतो म्हणजे नेमके काय करतो? नागार्जुनाचा रोख वेगळा होता. त्याला दिव्याच्या स्वयंसिद्ध प्रकाशकत्वाचा दावा खोडायचा होता. पण छायाचित्रकाराला त्यातून कळण्यासारखे बरेच आहे. फ्लॅश कारखान्यातली प्रत्येक वस्तू दाखवू शकतो, त्याला कारखान्याचा अंधार तेवढा दाखवता येत नाही. आणि तो अंधार वर्षानुवर्षे त्या कारागिराच्या डोळ्यांवर पडत आला आहे, त्याच्या आयुष्याचा तो भाग आहे.

अंधार ही स्वतंत्र वस्तू आहे का, यावरही दर्शनांत मतभेद आहेत. न्याय-वैशेषिकांच्या मते अंधार म्हणजे तेजाचा अभाव, बाकी काही नाही. भाट्ट मीमांसक मात्र त्याला द्रव्य मानतात: तो काळा दिसतो, सरकताना दिसतो, म्हणून त्याला रूप आहे, क्रिया आहे. भौतिकशास्त्र नैयायिकांच्या बाजूने उभे राहील. व्यक्तिचित्र काढणाऱ्याचा हात मात्र मीमांसकांच्या मताने चालतो. तो सावली ठेवतो, राखतो, गालावरून हनुवटीकडे उतरवतो, काळे कापड धरून ती दाट करतो. मराठीत या कलेला छायाचित्रण आणि प्रकाशचित्रण अशी दोन्ही नावे आहेत, आणि फ्लॅश हाताळणाऱ्याला पहिले नाव अधिक उपयोगी आहे. उजेड आणणे सोपे असते, आणलेल्या उजेडातही जागेची सावली जागेवर ठेवणे अवघड.

आणलेल्या उजेडाबद्दलचा संशय सर्वत्र सारखा नसतो, हे देवळात दिसते. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर किरणोत्सव होतो. मावळतीची किरणे गाभाऱ्यापर्यंत येतात, पहिल्या दिवशी चरणांवर, मग मध्यभागी, मग मुखावर. ढग किंवा बांधकाम आड आले, तर मुखापर्यंत पोचतही नाहीत. हा वाट पाहायचा उजेड. त्याच गाभाऱ्यात रोज निरांजन ओवाळले जाते, हातातली ज्योत फिरते आणि मूर्तीचे मुख क्षणभर उजळते. हा आणलेला उजेड. निरांजनातल्या दर्शनाला कोणी खोटे म्हणत नाही, आणि किरणोत्सवाचे मोल त्याने कमीही होत नाही. दोन्हीकडे उजेड मूर्तीच्या सेवेत असतो. व्यक्तिचित्राला हा दृष्टांत लागू पडतो, पण एका मर्यादेपर्यंतच. मूर्तीची स्थापनाच दर्शनासाठी झालेली असते, माणसाची नाही.

या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण जेकब रीस यांचे आहे. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमच्या मिश्रणाची लखलखती पूड निघाल्याचे वाचून या वार्ताहराने ती न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत नेली आणि रात्री-अपरात्री कोंदट खोल्यांत पेटवली. १८९० मध्ये ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक आले, शहर हादरले, सुधारणांना जोर मिळाला. दिवसाच्या उजेडाची वाट पाहिली असती, तर त्या खोल्या कधीच दिसल्या नसत्या. त्यांत दिवसही शिरत नव्हता. तिथे फ्लॅशने जे असून दडलेले होते ते दाखवले, म्हणजे व्यंजकाचे काम पुरेपूर केले. पण त्या चित्रांतले काही चेहरे झोपेतून दचकून उठलेले, डोळे मिचकावणारे आहेत. चित्र खरे आहे, तरी त्या माणसाला विचारलेले नाही. उजेड खरा असणे आणि उजेड पाडण्याचा अधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज जागेवर फ्लॅश नेणाऱ्याजवळ रीस यांच्याजवळ नसलेला एक उपाय आहे: चाचणीचा फोटो पडद्यावर त्या माणसालाच दाखवता येतो, आणि अमुक दिसू दे, तमुक नको, हे सांगण्याची जागा त्याला मिळते.

व्यंजकाचा कारक होण्याचा आणखी एक प्रकार आपल्याकडे इतका रुळला आहे की तो जाणवतच नाही. फ्लॅशची शक्ती थोडी वाढवली की सावळा रंग उजळतो, आणि लग्नाच्या चित्रांत ते मुद्दाम केले जाते. इथे दिवा दाखवत नाही, रंग बदलतो, आणि त्या बदलात सावळेपणाबद्दलचा नकार असतो. सावळ्या कांतीवर मोठ्या पृष्ठभागाचा मऊ उजेड कडेने टाकला, तर चकाकीतूनच चेहऱ्याची घडण उमटते, रंग आहे तिथेच राहतो. साधन तेच असते. फरक शक्तीच्या आकड्यात आणि पाहणाऱ्याच्या मनात पडतो.

आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वन्यालोकात शब्दाच्या व्यंजनेसाठी, म्हणजे सुचवण्याच्या शक्तीसाठी, दिव्याचाच दृष्टांत घेतला. दिव्याच्या उजेडात घडा कळतो तेव्हा उजेड नाहीसा होत नाही, घड्यासोबत तोही जाणवत राहतो. व्यक्तिचित्रात याचा पुरावा शब्दशः सापडतो, चेहऱ्याच्या डोळ्यात. बुबुळावर उजेडाच्या उगमाचे छोटे प्रतिबिंब पडते. सॉफ्टबॉक्सचा चौकोन खिडकीसारखा दिसतो, छत्रीचा गोल पुष्कळदा तिच्या काड्यांसह उमटतो, उघडा फ्लॅश टाचणीच्या टोकाएवढा ठिपका सोडतो. जागेचा उजेडही राखला असेल, तर शेजारी दाराची उभी पट्टी दिसते. संगणकावर काही जण हे ठिपके पुसतात, एक ठेवून बाकीचे काढतात. ते न पुसलेल्या चित्रात, जवळून पाहणाऱ्याला, त्या दिवशी त्या जागी कोणता उजेड होता आणि कोणता आणला होता, हे दोन्ही वेगवेगळे वाचता येते.