बाजारात नसलेल्या खेळण्याचे मोल

१९८३ साली अमेरिकेत नाताळच्या महिनाभर आधी एका बाहुलीपायी माणसे एकमेकांच्या अंगावर धावून गेली. बाहुलीचे नाव कॅबेज पॅच किड. गुबगुबीत गालांची, लोकरीच्या केसांची, दिसायला तशी काही सुंदर नव्हे. परंतु प्रत्येक बाहुली दुसरीपेक्षा थोडी वेगळी, प्रत्येकीला स्वतःचे नाव आणि सोबत दत्तकपत्र. म्हणजे मुलाने ती नुसती विकत घ्यायची नाही, दत्तक घ्यायची. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या विल्क्स-बॅरी गावी एका दुकानापुढे सुमारे हजार माणसे ताटकळत उभी होती. आत शिरताना अशी झुंबड उडाली की एका बाईचा पाय मोडला आणि दुकानाचा मॅनेजर बेसबॉलची बॅट हातात घेऊन उभा राहिला. कॅन्सस सिटीचा एक पोस्टमन आपल्या लेकीसाठी बाहुली आणायला विमानाने थेट लंडनला गेला. मिल्वॉकी शहरात रेडिओच्या निवेदकांनी थट्टेने सांगितले की, विमानातून स्टेडियमवर बाहुल्या टाकल्या जाणार आहेत, झेलायला हातमोजे आणा आणि क्रेडिट कार्ड वर धरा. कडाक्याच्या थंडीत काही माणसे खरोखरच तिथे जाऊन उभी राहिली.

वाचताना हसू येते. पण त्यांना वेडी म्हणून सोडून देणे मला बरोबर वाटत नाही. ते कोणाचे तरी आईबाप होते आणि घरी शब्द देऊन आले होते. पुढे १९९६ साली ‘टिकल मी एल्मो’ या हसऱ्या लाल बाहुल्याची तीच गत झाली, १९९८ मध्ये फर्बीची, २०१६ मध्ये अंड्यातून बाहेर येणाऱ्या हॅचिमल्सची. एल्मोची दुकानातली किंमत तीस डॉलरच्या आत होती. तो संपल्यावर वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींत त्याला शेकडो डॉलर मागितले गेले. पंधराशेपर्यंत आकडा गेल्याच्या बातम्या आहेत. आपण सोयीसाठी तीनशे धरू. दुकानात तीसला मिळणारी वस्तू बाहेर तीनशेला मिळते. वरचे दोनशे सत्तर डॉलर हे नेमके कशाचे पैसे?

आधी हे पाहू की वस्तू संपते कशी. बहुतेक वेळा त्यात कारस्थान नसते. खेळण्यांची मागणी काही महिने आधी नोंदवावी लागते. माल बहुधा चीनमध्ये तयार होतो आणि जहाजाने समुद्र ओलांडायला आठवडे लागतात. नोव्हेंबरात एखादे खेळणे अचानक मुलांच्या तोंडी झाले तर डिसेंबरात ते जास्त आणणे जवळजवळ अशक्य. उलट भरमसाट माल केला आणि लाट ओसरली, तर कंपनी बुडते. कॅबेज पॅच बाहुल्या विकणारी कोलेको कंपनी पाच वर्षांतच, १९८८ साली, दिवाळखोरीत गेली. त्यामुळे प्रत्येक तुटवडा मुद्दाम केलेला असतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. रॉबर्ट चालदिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली ‘इन्फ्लुएन्स’ हे पुस्तक लिहिले. त्यात तो खेळण्यांच्या धंद्यातली एक युक्ती सांगतो. नाताळआधी एखाद्या खेळण्याची जोरदार जाहिरात करायची. मुले आईबापांकडून कबूल करून घेतात. मग दुकानांत तो माल कमी पाठवायचा. आईबाप नाइलाजाने दुसरे काहीतरी घेतात. जानेवारीत पहिले खेळणे पुन्हा भरपूर येते, मूल म्हणते, “तुम्ही कबूल केलं होतं,” आणि बाप पुन्हा दुकानात जातो. मंदीच्या महिन्यातही विक्री चालू राहते! इथे विकले जाते ते खेळणे, पण धंदा चालतो तो बापाच्या प्रामाणिकपणावर. शब्द न पाळणारा बाप या युक्तीत सापडतच नाही.

आता त्या तीनशेवाल्याकडे येऊ. आपल्याला तो अनोळखी नाही. मुंबईच्या थिएटरबाहेर दहाचे वीस करत फिरणारा ब्लॅकवाला आपल्या आधीच्या पिढीने चांगला पाहिला आहे. सणासुदीला रेल्वेची तिकिटे अडवून विकणारे दलाल तर अजूनही आहेत आणि रेल्वे कायदा १९८९, कलम १४३ प्रमाणे तो गुन्हा आहे. अमेरिकेत खेळणे जास्त दराने विकणे हा गुन्हा नाही. अलीकडे हे काम माणसेसुद्धा करत नाहीत. संगणकाचे प्रोग्राम काही सेकंदांत सगळा साठा उचलतात. २०२० च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ५ बाजारात आले तेव्हा पाचशे डॉलरचे यंत्र हजाराच्या आसपास विकले जात होते. तिकिटे उचलणाऱ्या अशा प्रोग्रामविरुद्ध तिथे २०१६ चा कायदा आहे. खेळण्यांना तो लावावा म्हणून नाताळ चोरणाऱ्या ग्रिंचच्या नावाने विधेयक एकाहून अधिक वेळा मांडले गेले, पण त्याचा कायदा झालेला नाही.

तीनशेवाल्याची बाजू मांडणारेही विचारी लोक आहेत. ते म्हणतात, वस्तू थोडी आणि मागणारे फार असतील तर कोणाला तरी ‘नाही’ म्हणावेच लागते. रांग लावली तर ज्याला रजा मिळते त्याला मिळेल; किंमत वाढवली तर ज्याला ती सर्वांत जास्त हवी त्याला मिळेल. शिवाय ही काही तांदळाची गोणी नव्हे. खेळण्यावाचून कोणी मरत नाही. हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. पण त्यातला ‘सर्वांत जास्त हवी’ हा शब्द नीट पाहा. तीनशे डॉलर देणाऱ्याला ती वस्तू जास्त हवी असते, की त्याच्या खिशात जास्त पैसे असतात? किंमत या दोन गोष्टींत फरक करत नाही. दोन नोकऱ्या करणाऱ्या आईची ओढ किंमतीच्या तराजूवर हलकी भरते.

हा वाद फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व ४४ साली सिसेरोने आपल्या ‘दे ओफिसीस’ या ग्रंथात एक उदाहरण घेतले आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचे गलबत घेऊन येतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, लोकांना नाही. त्याने ते सांगावे की गप्प राहून चढा भाव घ्यावा? संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात जवळपास हाच प्रश्न ‘सुम्मा थिऑलॉजिका’ मध्ये घेतला आणि सावध उत्तर दिले: सांगणे हे न्यायाने बंधनकारक नाही, पण सांगणारा किंवा भाव उतरवणारा अधिक सद्गुणी. जानेवारीत माल येणार हे माहीत असलेल्या दुकानदाराने आज काय करावे, हे यावरून ताडता येते.

त्याच प्रकरणात अक्विनास यांनी एक भेद केला आहे आणि आमच्या प्रश्नाला तोच अधिक लागू पडतो. ते म्हणतात, एखादी वस्तू देऊन टाकल्याने विकणाऱ्याचे खरेच नुकसान होत असेल, तर त्याने त्या नुकसानीपुरता जास्त भाव घ्यायला हरकत नाही. परंतु विकणाऱ्याचे काही जात नाही, फक्त घेणाऱ्याची गरज मोठी आहे, तर त्या गरजेचे पैसे घेता येत नाहीत. कारण ती गरज घेणाऱ्याची आहे, आणि जे आपले नाही ते कोणी विकू नये. घेणाऱ्याने आपखुशीने वर काही दिले तर ती गोष्ट वेगळी.

माझ्या मते हे उत्तर आजही टिकते. जो पहाटे चार वाजता बर्फात रांगेत उभा राहिला, दोन खेळणी घेतली आणि एक शेजाऱ्याला देताना आपल्या श्रमाचे पाच-दहा डॉलर वर मागितले, त्याला मी दोष देणार नाही. ते श्रम त्याचे आहेत. पण दोनशे सत्तर डॉलरमध्ये श्रम किती? बाकीचे सारे त्या बापाच्या काळजीचे पैसे आहेत. मूल रडेल ही भीती, दिलेला शब्द, उरलेले चार दिवस हे सगळे बापाचे. तेच त्याला परत विकले जाते. संगणकाचा प्रोग्राम लावणाऱ्याची तर वेगळीच तऱ्हा. आधी तो सगळा साठा उचलून गरज वाढवतो आणि मग तीच विकतो. ऱ्होड्सच्या व्यापाऱ्याने निदान धान्य तरी आणले होते.

मग बापाने काय करावे? इथे प्रश्न अवघड होतो, आणि त्याचे कारण सांताक्लॉज. आपल्याकडेही आता तो घरोघरी येतो, पण अमेरिकेत लहान मुलाच्या लेखी भेट आईबाप आणतच नाहीत. ती सांता आणतो, आणि त्याचा स्वतःचा कारखाना आहे! त्यामुळे “दुकानात संपलं होतं” हे कारण तिथे चालत नाही. त्याहून वाईट म्हणजे सांता चांगल्या मुलांना देतो, असे त्याला वर्षभर सांगितलेले असते. शेजारच्या मुलाला एल्मो मिळाला आणि मला नाही, याचा अर्थ सहा वर्षांचे मूल काय लावेल? तुटवडा, जहाजे, ब्लॅकवाले यांतले काही त्याला ठाऊक नसते. मी वाईट आहे, एवढाच अर्थ त्याच्या हाती उरतो. श्रीमंत घरचे मूल त्याच हिशेबाने स्वतःला चांगले समजते. तीनशे डॉलर मोजणारा बाप पुष्कळदा खेळण्यासाठी नव्हे, तर हा अर्थ मुलाच्या मनात जाऊ नये म्हणून मोजतो. त्याला मूर्ख म्हणण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

गंमत अशी की ज्या संत निकोलस यांच्यावरून सांता आला, त्यांची कथा बरोबर उलटी आहे. ते चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा नगरीचे बिशप. तीन मुलींच्या गरीब बापाकडे हुंड्याला पैसा नव्हता, तेव्हा त्यांनी रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या, असे सांगतात. त्या मुली चांगल्या वागल्या का, हे त्यांनी विचारले नव्हते. आणि त्या परक्याच्या मुली होत्या.

म्हणून मला वाटते, मुलाला आपण बांधील असतो ते खेळण्याला नव्हे, तर खरे बोलण्याला. “उशिरा येईल” हेही वचन असू शकते आणि ते पाळता येते. स्पेनमध्ये मुलांना मोठ्या भेटी मिळतात त्या ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला. पंचवीस तारीख चुकली म्हणून तिथे कोणाचे बालपण वाया जात नाही.

एका कंपनीनेच हे एकदा करून दाखवले होते. १९७७ च्या मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ हा सिनेमा आला आणि एवढा चालेल असे कोणाला वाटले नव्हते. त्यातल्या पात्रांच्या छोट्या बाहुल्या नाताळपर्यंत तयार होणार नाहीत, हे केनर कंपनीला कळून चुकले. मग तिने दुकानांत पुठ्ठ्याचे एक चपटे पाकीट ठेवले. आत बाहुल्या नव्हत्याच. होते एक प्रमाणपत्र. ते टपालाने पाठवायचे, म्हणजे तयार झाल्यावर चार बाहुल्या घरी येतील. बाहुल्या आल्या त्या १९७८ उजाडल्यावर, पोस्टाने, मुलाच्या स्वतःच्या नावावर.